पाठ, मान, पाऊल : अंघोळीच्या चित्रांमागे टोकियो ते अतामी

जपानला जाऊन आले म्हटलं की लोक फुजी पर्वत आणि बुलेट ट्रेनबद्दल विचारतात. मी मुख्यतः अंघोळीची चित्रं बघायला गेले होते हे सांगितलं की समोरचा विषय बदलतो.

माझं आयुष्य चित्रकलेचे तास घेण्यात गेलं. जे. जे.मध्ये शिकताना लाइफ क्लासला लंगोट लावलेले एक काका काठीला धरून तासभर उभे राहायचे आणि आम्ही कोळशाने त्यांचे खांदे काढायचो. शरीर शिकायचं ते असं, समोर उभं करून. पुढे कधीतरी एदो काळातली (१६०३ ते १८६८) जपानी छापचित्रं हाती लागली. त्यांत पाठ चोळणाऱ्या, केस पिळणाऱ्या, पाय पुसणाऱ्या बायका होत्या. त्या चित्रकारांकडे मॉडेल उभं करायची पद्धतच नव्हती. शिष्य गुरूच्या नमुन्यांवरून गिरवत गिरवत शिकायचे. मग यांचे खांदे आमच्या काकांपेक्षा जिवंत कसे? हे एकदा जागेवर जाऊन बघायचं होतं. भाची टोकियोत निशी-कासाईला राहते, त्यामुळे मुक्कामाचा प्रश्न सुटला. त्या भागात आपली माणसं इतकी आहेत की पोचल्या संध्याकाळी लिफ्टमध्ये फोडणीचा वास आला.

शनिवार : र्‍योगोकु

नोव्हेंबरचा पहिला आठवडा, बारीक पाऊस, आणि गारठा आपल्या डिसेंबरपेक्षा जास्त. सुमिदा होकुसाई संग्रहालय २०१६ साली उघडलं. काझुयो सेजिमा या वास्तुविशारद बाईंनी त्याला अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांचं कवच चढवलंय, त्यात पावसाळी आभाळ आणि समोरच्या बागेतली पोरं अर्धवट दिसतात. होकुसाई १७६० मध्ये याच भागात जन्मला. नव्वदीला टेकेपर्यंत तो चित्रं काढत राहिला आणि १८४९ मध्ये गेला.

त्याचं लाटेचं चित्र सगळ्यांना माहीत असतं. मला बघायचं होतं ‘होकुसाई मांगा’. १८१४ मध्ये पहिला भाग निघाला आणि एकूण पंधरा निघाले, शेवटचा तर तो गेल्यावर, १८७८ साली. ज्यांना गुरूच्या घरी राहून शिकणं जमणार नाही त्यांच्यासाठी ही नमुन्यांची पुस्तकं. पडद्यावर बोटाने पानं उलटता येतात. तिसऱ्या भागात सुमो पैलवान एकमेकांना भिडलेत. आठव्या भागात एक पान लठ्ठांचं आणि एक हाडकुळ्यांचं. हाडकुळ्यांच्या बरगड्या मोजता येतात आणि लठ्ठांच्या पोटाच्या वळ्या बसण्याप्रमाणे बदलतात. स्नायूंचा अभ्यास म्हणून आम्ही जे शिकलो त्यातलं इथे काहीच नाही. वजन कुठे पडलंय एवढंच त्याने पाहिलंय, आणि तेवढं पुरतं. शेजारीच त्याची झटपट चित्रकला शिकवणारी पुस्तिका होती. कंपास आणि पट्टीने वर्तुळं मारायची, त्यांच्यातून बैल, पक्षी, माणूस उभा करायचा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांना मी हेच शिकवत आले, तेव्हा जरा बरं वाटलं.

म्हाताऱ्या होकुसाईची खोली तिथे पुतळ्यांसह उभी केली आहे. तो पांघरूण ओढून, जमिनीला नाक लावून चित्र काढतोय आणि शेजारी मुलगी ओई बसली आहे. तीही चित्रकार होती. मधूनच त्याचा हात हलतो. माझ्यामागच्या बाईंनी त्या वेळी केवढ्यांदा किंचाळावं!

जेवायला चान्कोनाबे, म्हणजे सुमो पैलवानांचा रस्सा. कोबी, मुळा, मशरूम, तोफू, कोंबडी, मासळी, सगळं एका पातेल्यात टेबलावरच उकळतं. दोघींत एकाचाच मागवलेला पुरून उरला. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं : नुसत्या भाज्यांचा दिसणारा रस्साही बहुतेक वेळा माशाच्या पाण्यात शिजलेला असतो. आधी विचारा, भाषेची अडचण असेल तर जपानीत लिहून घेऊन जा.

जवळच एको-इन देऊळ आहे. चित्रकार तोरिई कियोनागाचे (१७५२–१८१५) अंत्यसंस्कार इथले, आता त्याच्या स्मरणाची शिळा आहे. तिच्यापाशी आम्ही दोघीच होतो. गर्दी होती ती नेझुमी कोझो या चोराच्या थडग्यापाशी. त्याच्या दगडाचा चुरा खिशात ठेवला की नशीब फळफळतं म्हणे, म्हणून परीक्षेची पोरं येऊन घासतात. घासायला वेगळा दगडच ठेवलाय. ‘मावशी, तुझा चित्रकार मागे पडला गं,’ भाची म्हणाली.

या मागे पडलेल्या माणसाने १७८७ च्या सुमाराला बायकांच्या न्हाणीघराचं दोन पानांचं चित्र काढलं. त्याची एक प्रत पॅरिसला चित्रकार एदगार देगाकडे पोचली आणि त्याने ती झोपायच्या खोलीत लावली. टबात वाकलेल्या, पाठ पुसणाऱ्या बायका देगाने वर्षानुवर्षं काढल्या, त्या कुणाकडे बघत बघत, हे वेगळं सांगायला नको. ती प्रत आज बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. माझ्याकडे फोनमधलं चित्र होतं, ते मी शिळेपाशी उभी राहून पुन्हा पाहिलं. कुणी उकिडवी बसलेय, कुणी अंगावर कपडा ओढतेय, लेकरू आहे, आणि कुणीही आपल्याकडे बघत नाही.

रविवार : कोगानेई, आणि संध्याकाळी खरं न्हाणीघर

चुओ लाइनने मुसाशी-कोगानेई, तिथून बसने पाचेक मिनिटं. कोगानेई बागेत जुन्या इमारती उचलून आणून उभ्या केल्यात, तिकीट ४०० येन. आकाश अचानक निळं झालं होतं आणि जिंकोची झाडं हळदीसारखी पिवळी. शेतकऱ्यांची घरं, छत्रीवाल्याचं दुकान, सोया सॉसचं दुकान हे सगळं भाचीवर सोडून मी सरळ ‘कोदाकारा-यु’ गाठलं. हे सार्वजनिक न्हाणीघर १९२९ साली अदाची भागात बांधलं. दर्शनी भागाला देवळासारखं कमानदार छप्पर, दारावर सात भाग्यदेवतांचं कोरीवकाम. आत पुरुष आणि बायका यांच्यात अर्धी भिंत, आणि दोन्हीकडे नजर राहील असा उंच गल्ला. समोरच्या भिंतीवर फुजी पर्वत. हा भिंतीवरचा फुजी फार जुना नाही बरं का. पहिला १९१२ साली टोकियोच्या कान्दा भागातल्या एका न्हाणीघरात रंगवला आणि मग सगळ्यांनी उचलला.

तिथल्या स्वयंसेवक आजोबांना मी एदोतल्या, म्हणजे जुन्या टोकियोतल्या, न्हाणीघराबद्दल विचारलं, भाची दुभाषी. ते इतके खूश झाले की जमिनीवर बसून दाखवायला लागले. शहरभर लाकडी घरं, आगीची भीती आणि जळण महाग, त्यामुळे घरी चूल पेटवून पाणी तापवणं बहुतेकांना परवडायचं नाही. हौदाची खोली वेगळी असायची आणि वाफ बाहेर जाऊ नये म्हणून तिचं दार कमरेएवढं खाली आणलेलं असायचं. याला झाकुरोगुची म्हणतात. आजोबा दोन्ही हात वर धरून त्या काल्पनिक दाराखालून वाकून गेले आणि आत जाताना ‘माफ करा, माफ करा’ म्हणाले, कारण आत अंधार, कुणाच्या अंगावर पाय पडेल सांगता यायचं नाही. पुरुषांसाठी वर माडीही असे, तिथे चहा आणि बुद्धिबळासारखे खेळ चालत. स्त्री-पुरुषांच्या एकत्र अंघोळीवर १७९१ मध्ये बंदी आली.

झाकुरोगुचीने माझं एक कोडं सोडवलं. कियोनागाच्या चित्रात मागे ती चौकट आहे, आणि हौदातलं काहीच दिसत नाही. अंधारात आणि वाफेत काय दिसणार? चित्रकाराने मांडलाय तो अंग घासायचा, निथळायचा, कपडे करायचा उजेडातला भाग. बाई बाहेर येते तेव्हा वाकलेली असते, मग हळूहळू सरळ होते, आणि वाकलेलीपासून उभीपर्यंतच्या सगळ्या अवस्था एकाच फळीवर हजर असतात. शरीर शिकायला याहून चांगली जागा कुठली?

संध्याकाळी भाचीच्या घराजवळच्या सेन्तोत, म्हणजे चालू सार्वजनिक न्हाणीघरात गेलो. आधीच सांगते, मला जावंसं वाटत नव्हतं. अनोळखी बायकांत सगळे कपडे काढायचे म्हणजे पोटात गोळा आला होता. ५५० येन देऊन आत गेलो, टोपलीत कपडे ठेवले, हातात एवढासा पंचा. तो नेमका कुठे धरायचा ते ठरवता ठरवता लक्षात आलं की बघतंय कोण? ज्या बायका होत्या त्या कामात होत्या. अंघोळ हे तिथे गंभीर काम आहे.

नळासमोर ठेंगणं स्टूल, त्यावर बसून धुवायचं. मी नुसतीच बसले. शेजारच्या ऐंशीच्या घरातल्या आजींनी उठून माझं स्टूल काढून घेतलं, गरम पाण्याने विसळलं, परत ठेवलं, आणि माझ्या खांद्यावर थाप मारून बसवलं. मग स्वतःच्या कामाला लागल्या. एक गुडघा उभा, दुसरा दुमडलेला, भार मागच्या टाचेवर. पंचा दोन्ही हातांनी पाठीमागे तिरका धरून ओढताना एक खांदा कानाला लागतो आणि दुसरा पार खाली जातो, पाठीचा कणा धनुष्यासारखा होतो. पिळताना कोपरं अंगाला चिकटतात आणि मान नकळत त्याच बाजूला वळते. ही मान मी उतामारो या एदो काळातल्याच चित्रकाराच्या चित्रात शंभरदा पाहिली होती आणि ती नखरा समजत होते. तो नखरा नाही हो, पंचा पिळताना ती वळतेच.

तिथे वही काढणं शक्य नाही, काढूही नये. हौदात गळ्यापर्यंत बसले, पाणी बेचाळीस अंशांच्या आसपास, दोन मिनिटांत कलिंगड झाले. बाहेर येऊन थंडगार कॉफी-दूध, काचेच्या बाटलीतलं, उभ्याने प्यायचं. घरी पोचल्यावर किराण्याच्या बिलामागे आजींची पाठ काढली. मग गुडघा. मग पुन्हा पाठ.

जाणाऱ्यांसाठी : हौदात उतरण्याआधी साबण पूर्ण धुवायचा, केस वर बांधायचे, पंचा पाण्यात बुडवायचा नाही (डोक्यावर ठेवतात). फोन कपाटात. गोंदण असेल तर आधी चौकशी करा, काही ठिकाणी चालत नाही. साबण-शाम्पू सगळीकडे असतोच असं नाही.

सोमवार : जिम्बोचो

सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद, हे ठरवतानाच लक्षात घ्यावं. भाची ऑफिसला, मी एकटी जिम्बोचोच्या जुन्या पुस्तकांच्या गल्लीत. पाऊस पुन्हा सुरू, दुकानदार पुस्तकांवर प्लॅस्टिक ओढत होते. एका जिन्याने वर छापचित्रांचं दुकान, मालक सत्तरीचे, इंग्रजी जेमतेम, पण मी ‘ओफुरो’ (अंघोळ) म्हणून पाठ चोळल्याचा अभिनय केल्यावर त्यांनी एक खण ओढला.

हातात धरल्यावर कळतं ते पुस्तकात कळत नाही. अंगाला रंगच नाही! किमोनोला चार-पाच रंगांचे ठसे, केसांना दाट काळं, आणि त्वचा म्हणजे कोरा कागद. एक रेघ खांद्यावरून निघून कोपरापर्यंत जाते आणि तिच्या अलीकडचा कागद मांस होतो, पलीकडचा हवा. छटा नाही, सावली नाही. ही रेघ चित्रकार काढतो, पण लाकडात उतरवतो तो कोरणारा कारागीर. कपाळावरच्या केसांच्या मुळांशी त्याने सोडलेल्या रेघा भिंगातून पाहिल्या तर आपण श्वास रोखतो. मालकांनी कागद खिडकीकडे तिरका धरला, तेव्हा कॉलरवर रंगाशिवाय नुसती दाबून उठवलेली नक्षी दिसली.

त्यांनी एका पुस्तकात ओचिआई योशिइकुचं १८६८ चं तीन पानी चित्र दाखवलं : बायकांच्या न्हाणीघरात जुंपलीय, बादल्या उगारल्यात, मध्ये पडणाऱ्या आहेत आणि मजा बघणाऱ्याही. चाळीतलं नळावरचं भांडण, फक्त कपडे नाहीत. आम्ही दोघंही खूप हसलो, भाषा लागलीच नाही.

तळमजल्यावर प्रदर्शनांच्या जुन्या पुस्तिकांत मारुयामा ओक्यो (१७३३–१७९५) सापडला. क्योतोचा हा चित्रकार माझ्या सगळ्या प्रश्नाला अपवाद. प्रत्यक्ष पाहून काढा, यावर त्याचा भर. १७७० मध्ये त्याने स्त्री-पुरुषांच्या उघड्या शरीरांचे अभ्यास केले, तरुण आणि म्हातारे दोन्ही. आधी अंग काढायचं, मग त्यावर कपडे चढवायचे. चारच वर्षांनी, १७७४ मध्ये, डच पुस्तकावरून केलेला शरीररचनेचा ग्रंथ जपानीत छापला गेला, चित्रं ओदानो नाओताके याची. म्हणजे बघायची ओढ त्या काळात हवेतच होती. पण खरं सांगायचं तर ओक्योची ती उघडी माणसं मला जराशी गोठलेली वाटली. ती आमच्या काकांसारखी उभी आहेत.

पुस्तिका घेतली. छापचित्र घेतलं नाही, किमती ऐकून चहा प्यायला गेले.

मंगळवार : उएनो

टोकियो राष्ट्रीय संग्रहालय, मुख्य इमारत, वरच्या मजल्यावरची दहावी खोली ही छापचित्रांची. उजेडाने रंग उडतात म्हणून चित्रं साधारण महिन्याने बदलतात, तेव्हा ठरावीक चित्र दिसेलच या भरवशावर जाऊ नका. माझ्या वाट्याला अंघोळीचं एकही आलं नाही, शरद ऋतूची बरीच आली.

त्यापेक्षा शेजारचं कुरोदा स्मारक दालन महत्त्वाचं ठरलं. प्रवेश फुकट आणि गर्दी नाही. मुख्य चित्रांची खोली मात्र वर्षातून तीनदाच, थोडे थोडे दिवस उघडते, नवीन वर्षात, वसंतात आणि शरदात. आम्ही नेमक्या शरदाच्या दिवसांत होतो. कुरोदा सेइकि पॅरिसला चित्रकला शिकून १८९३ मध्ये परतला आणि १८९६ पासून टोकियोच्या कलाशाळेत पाश्चात्त्य पद्धतीने, समोर मॉडेल ठेवून शरीर शिकवू लागला. आपल्या जे. जे.त नग्न मॉडेलचा वर्ग त्यानंतर पाव शतकाने, कॅप्टन सॉलोमन यांच्या काळात आला, त्यामुळे मला हा माणूस उगाच ओळखीचा वाटतो.

त्याने १८९५ साली क्योतोच्या प्रदर्शनात आरशासमोर उभ्या नग्न बाईचं चित्र लावलं, तर केवढा गदारोळ! १९०१ मध्ये तर टोकियोत पोलिसांनी त्याच्या एका चित्राचा खालचा अर्धा भाग कापडाने झाकायला लावला. आणि हे कुठल्या शहरात? जिथे शतकभरापूर्वी कियोनागाची न्हाणारी बाई दुकानात विकत मिळायची. फरक मला इतकाच दिसतो की कियोनागाच्या बाईला काहीतरी काम होतं. कुरोदाच्या इथल्या तीन चित्रांतल्या तिघी सोनेरी पार्श्वभूमीवर नुसत्या उभ्या आहेत, आपण बघावं म्हणून. चित्रं भव्य आहेत, रंगवलीत उत्तम. तरी मी जास्त वेळ थांबले ती शेजारच्या तळ्याकाठच्या बाईपाशी. १८९७ चं चित्र, हाकोनेचं आशी सरोवर, अंगात साधा सुती युकाता आणि हातात पंखा. ती बसल्येय तशीच बसतात माणसं उन्हाळ्यात.

बुधवार : अतामी

भाचीने सुट्टी टाकली. शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, पाऊण तासात समुद्र. अतामी हे गरम झऱ्यांचं गाव, तोकुगावा इएयासु हा शोगुन (लष्करी सत्ताधीश) १६०४ मध्ये इथे अंघोळीला आला होता, आणि पुढे इथलं पाणी पिंपांत भरून शोगुनच्या वाड्यावर नेत. स्टेशनबाहेरच्या गल्लीत वाफेवरचे गोड मांजू, आणि दुकानांसमोर उन्हात वाळत घातलेले मासे. कोकणातल्या माणसाचा पाय तिथून निघत नाही. ‘आजी’ नावाचा भाजलेला मासा, भात, किसलेला मुळा. मीठ अगदी बेताचं, सोडायला हाड फक्त.

मग बसने डोंगरावर एमओए संग्रहालय. आत शिरल्यावर डोंगराच्या पोटातून सरकते जिने, एकामागून एक, साठ मीटर चढ, रंगीत उजेडात. देवळात चाललोय की विमानतळावर, कळेना. वर आल्यावर खाली पसरलेला सागामी उपसागर.

इथे बघायचं होतं ते ‘युना’ हे चित्र. युना म्हणजे न्हाणीघरातल्या सेविका. अंग चोळायच्या, केस धुवायच्या, आणि संध्याकाळनंतर गिऱ्हाइकांचं मन रिझवायच्या. १६५७ मध्ये एदोत त्यांच्यावर बंदी आली. त्याआधीचं, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं हे चित्र. कोण चितारी, माहीत नाही. मूळ एखाद्या मोठ्या पडद्याचा तुकडा असावा असं अभ्यासक मानतात. चित्र कायम मांडलेलं नसतं, वेबसाइटवर यादी बघूनच तिकीट काढा.

सहा बायका रस्त्याने चालल्यात. मागे रिकामा कागद. न्हाणीघर नाही, पाणी नाही, आणि सहाही जणी गळ्यापासून घोट्यापर्यंत कपड्यांत. एकीच्या किमोनोवर केस धुण्याचं अक्षर मोठं काढलंय, तेवढीच काय ती अंघोळ. पण चालणं बघा! एकीचा हात बाहीत ओढलेला आहे आणि त्यामुळे खांदा वर आलाय. एक बोलता बोलता मान मागे वळवते, तर तिचा भार एका पायावर गेलाय हे झग्याच्या घडीवरून कळतं. पोटं पुढे, पाठी सैल, पावलं फताडी. दिवसभर उकिडवं बसून लोकांची पाठ चोळणाऱ्या बाईची चाल अशीच होणार. ज्याने हे काढलं त्याने ही शरीरं कपड्याखाली पुरती ओळखली होती, आणि त्यासाठी कुणालाही चौरंगावर उभं केलं नसावं. तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला असेल. मी चित्रासमोर इतका वेळ होते की खुर्चीवरच्या राखणदार बाई दोनदा खाकरल्या.

बाहेर बसथांब्यावर मी भाचीला म्हटलं, जरा जाकिटात हात ओढून चालून दाखव. तिने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग पोट पुढे काढून, मान तिरकी करून गेली आणि आली. एवढं हुबेहूब की रांगेतल्या दोन आजी हसायला लागल्या आणि त्यातली एक, छत्री दुसरीकडे देऊन, स्वतःच चालून दाखवू लागली. तिची चाल आणखी बरोबर होती. मी वही काढली. तेवढ्यात बस आली, मी हाताने ‘तुम्ही जा’ म्हटलं, तर कुणीच गेलं नाही. भाची म्हणाली, ‘मावशी, पुढची वीस मिनिटांनी आहे.’ मग काय, दोन्ही आजींची पावलंही काढून झाली.